माहेर छाप तिखट

२ मार्च १९६४

कोकिळेचं तिखट आज पुन्हा अर्धं परत आलं. धाडच्या बाजारात तिखटवाल्यांची एक ओळच असते — बारा ढीग, बाराही लाल. गिऱ्हाईक चिमूट उचलतं, हुंगतं, भाव पाडून मागतं आणि पुढच्या ढिगाकडं सरकतं. निवृत्तीभाऊ, कोकिळेचा नवरा, दिवसभर उन्हात बसून आला आणि गोणपाट आपटून म्हणाला, "मिरची बंद. पुढल्या साली कापूसच लावतो."

कोकिळा सांडलेलं तिखट भरू लागली. आम्ही दोघी सातवीपर्यंत एका बाकावर — तिचे मामा इथले, त्यांच्याकडं शिकायला होती. मग लग्नही इथंच झालं. त्यांचं तिखट कांडायला माझी आई जाते. सोबत चांगुणामावशी आणि वस्तीतल्या आणखी दोघी. शेतातल्या पडवीत चार उखळं आहेत. संध्याकाळी आईच्या हातांची इतकी आग होते की ती ते ताकाच्या गाडग्यात बुडवून बसते. ढीग खपला नाही की यांचं काम थांबतं. म्हणून मला त्या ढिगाची काळजी.

५ मार्च

बुलढाण्याला गेले होते. मास्तरणीच्या जागेसाठी केलेल्या अर्जाचं पुसायला. "पत्र येईल." हेच मागच्या वेळीही सांगितलं होतं.

एसटीला वेळ होता म्हणून पेठेत एका दुकानापुढं उभी राहिले. सुटा चहा आणि पुड्यातला चहा शेजारी शेजारी. पुड्यातला कितीतरी महाग. मी विचारलं, हा वेगळा असतो का? दुकानदार भला माणूस. म्हणाला, "चहा तोच असंल बाई. पण त्याच्यावर चित्र आहे ना."

घरी येईपर्यंत हेच डोक्यात.

९ मार्च

कोकिळेला सांगितलं — तिखट ढिगानं विकायचंच नाही. पुडी करायची. पुडीवर नाव, चित्र. ती हसली. मग हसायची थांबली.

नाव काय द्यायचं? देवाचं नको, देवाच्या नावाच्या चिक्कार पुड्या आहेत. मग तीच बोलता बोलता म्हणाली, की जानेफळहून माय दरसाली तिखटाचा डबा देते, आणि "डबा उघडला का मले पहिले मायचं घरच दिसते, तिखट मागून." दोन एसट्या बदलून माहेर, वर्षातून एकदा जाणं. सांगताना डोळे भरले तिचे.

मी तिथंच पाटीवर लिहिलं — माहेर छाप तिखट. पुडी उघडा, माहेर आठवा.

कोकिळेनं तीनदा वाचलं. माझा हात धरून म्हणाली, "खाली तुह्यं नाव टाकू. चित्र आन् लिखाण — सिंधू. बारीक अक्षरात का व्हयेना."

१५ मार्च

शंभर पुड्या हातानं रंगवल्या. बोटं लाल झाली. चित्र काय — उखळ, मुसळ आणि मुसळावर एक हात. नुसता मनगटापर्यंत. आईला समोर बसवून काढला. आई म्हणाली, "हा तं माह्यावानी दिसते." म्हटलं, तुझाच आहे. ती बराच वेळ पाहत होती. नंतर म्हणाली, "नखं निट काढ."

२० मार्च

दुपारी बाराच्या आत शंभर पुड्या संपल्या! सुट्याच्या दुप्पट भावानं. ढिगाला हात न लावता लोकांनी पुड्या उचलल्या. निवृत्तीभाऊ आ करून पाहत होता.

मी मुद्दाम बाजूला उभी होते. एका म्हातारीनं पुडी हुंगली आणि सुनेला म्हणाली, "हे येगळंच आहे. वासच सांगते." तिनं मागच्या बाजारात याच ढिगातलं तिखट कचरा म्हणून टाकलं होतं. मला ओळखीचा होता तिचा चेहरा.

सुनेनं मला विचारलं, "खरंच येगळं आहे का व?" मी म्हटलं, हो.

असं पटकन् निघून गेलं तोंडातून. मिरची तीच, उखळ तेच, हात तेच. पण खोटं बोलल्यासारखं वाटलंही नाही. पुडीत घातल्यावर मला स्वतःलाच ते वेगळं वाटायला लागलं होतं.

११ एप्रिल

आता रोज पुड्या. आईला खाडा नाही. चांगुणामावशी म्हणते, "तुह्या चित्रानं आमचं मुसळ थांबू देईना." कौतुकानंच म्हणते.

१७ मे

बुलढाण्याचे किसनराव आले होते. मोठं किराणा दुकान आहे त्यांचं, आणि चिखली-मेहकरपर्यंत माल पाठवतात. कोकिळेच्या ओट्यावर मी पुड्या रंगवत बसले होते. किसनरावांनी एक पुडी उलटीसुलटी केली. म्हणाले, "नाव लाख मोलाचं आहे. पण हातानं रंगवलेलं शहरात चालणार नाही. छापून घ्या. पाहिजे तेवढा माल मी उचलतो." मग म्हणाले, "कांडतं कोण?"

 निवृत्तीभाऊ म्हणाला, "घरचेच."

किसनरावांनी माझ्याकडं पाहिलं. "आणि ही?"

"ही चित्र काढते," कोकिळा म्हणाली. नाव सांगितलं नाही. मैत्रीण म्हणाली नाही. मी मान खाली घालून चित्रातल्या हाताची नखं रंगवत राहिले.

घाईत राहून गेलं असेल.

२२ मे

कोकिळा आणि निवृत्तीभाऊ किसनरावांच्या जीपनं छापखान्यात जाणार आहेत. मी चित्र नव्यानं काढून दिलं, खाली बारीक अक्षरात नाव. मीही येते म्हटलं तर कोकिळा म्हणाली, "जीपमंधी जागा नाही व. मी सांगते ना त्याईले बरोब्बर."

२७ मे

नेहरू गेले. ग्रामपंचायतीच्या रेडिओसमोर सगळं गाव उभं होतं. बाजारपेठ बंद. मुसळं बंद.

८ जून

लेबलं आली. कशी लिहू कळत नाही. सरळ लिहिते.

पडवीत आई, चांगुणामावशी आणि त्या दोघी गोल करून बसल्या होत्या, मधे खळीचं भांडं. पुड्यांवर लेबलं डकवत होत्या. मी जाऊन एक उचललं. गुळगुळीत कागद, तीन रंग. हात नाही. उखळ नाही. एक गोरीपान बाई — नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, हातात पूजेचं ताट. वर माझीच ओळ: पुडी उघडा, माहेर आठवा. आणि खाली, जिथं माझं नाव यायचं होतं तिथं —

घरंदाज स्त्रियांनी सोवळ्यात कांडलेले.

मी दोनदा वाचलं. चौघींपैकी एकीलाही वाचता येत नाही. आई बोटानं लेबलाचे कोपरे दाबत होती, एकही कोपरा उचलू नये म्हणून, इतकं जपून. तिनं विचारलं, "चित्र तं बदलवलं दिसते. खाली काय लिव्हलं व, सिंधू?"

मी म्हटलं, "चांगलं तिखट आहे, असं."

"आस्सं." आणि पुढची पुडी घेतली.

९ जून

आम्ही बौद्ध झालो त्याला आठ वर्षं होतील. तेव्हा मी शाळेत होते. आईनं घरातले देव गाठोड्यात बांधून पुराला दिले. त्यानंतर कोणापुढं वाकलेली मी तिला पाहिली नाही. तिच्याच हातानं डकवलं जातंय, की हे तिच्या हातचं नाही.

११ जून

कोकिळेला गाठलं. विहिरीवर एकटी होती.

म्हटलं, "सोवळ्यात म्हणजे कुठं? तुमच्या घरात सोवळं पाळतं कोण? तुझी सासू उष्ट्या हातानं माठातलं पाणी घेते."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "किसनरावांनी सांगतलं टाकाले. ते म्हणे, सुटं तिखट घेतानी कोणी काही पुसत नाही. पुडी घेतानी पुसते — कोणाच्या हातचं."

"आणि हात? माझ्या आईचा हात काऊन काढला?"

"हात पाहून तं पयले पुसतील, सिंधू, का हा हात कोनाचा."

"मग ती नथवाली कोण? तू?"

"मी बी नाही व. छापखान्यात तयार ठसा व्हता. तेलाच्या बाटलीवरचा." आणि थोडं थांबून, "तुह्या आईचं काम तं बंद नाही केलं ना मी. उलटं वाढवलं. मंग?"

 घागर तिनं डोक्यावर घेतली, मी नेहमीसारखा हात लावायला गेले तर म्हणाली, "राहू दे, जमते मले."

१२ जून

ढिगाला तोंड नव्हतं म्हणून कोणी विचारलं नाही कोणाच्या हातचा. रुखमाबाई — कोकिळेची सासू — सुद्धा म्हणायची, सुक्याले कायचा इटाळ. तोंड मी दिलं. तोंड आलं तशी जात आली.

२१ जून

भाऊराव मामा आला होता, आईचा धाकटा भाऊ. बुलढाण्याला एसटीत कंडक्टर आहे. जेवला, दोन पुड्या घेऊन गेला.

१९ जुलै

पुड्या मेहकर, लोणार, पार बीबी गावापर्यंत जातात म्हणे. पावसातही काम चालू, पडवीला नवे पत्रे टाकले. आणि एक नवा नियम. किसनरावांचा माणूस माल न्यायला येतो त्या दिवशी चौघींनी मागच्या बांधानं यायचं. आई म्हणाली, "तिकून जवळ पडते." जवळ पडत नाही. मी चालून पाहिलं.

२ ऑगस्ट

एसटी स्टँडवर कोकिळा दिसली. सोबत किसनरावांची बायको. कोकिळेनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर माझ्या अंगावरून पुढं गेली, जशी खांबावरून जाते.

३ ऑगस्ट

सातवीच्या परीक्षेला तिला ताप होता. मी तिला शब्द विचारून विचारून पाठ करवले होते. आज दिवसभर तेच आठवत होतं. काऊन आठवावं?

६ ऑक्टोबर

आज जे पाहिलं ते कोणाला सांगितलं तर हसतील.

किसनराव अकोल्याच्या दोन व्यापाऱ्यांना घेऊन येणार होते — "माहेर" कसं बनतं ते दाखवायला. चौघींना कालच सुटी सांगितली होती. तरी सकाळी निवृत्तीभाऊ आईला बोलवायला आला. मला वाटलं काही बिनसलं, म्हणून मीही मागं गेले.

पडवी शेणानं सारवलेली. रांगोळी. रुखमाबाई, कोकिळा आणि त्यांच्या भावकीतल्या दोघी, चौघींच्या अंगावर रेशमी लुगडी. रुखमाबाईनं तर आयुष्यात मिरची कांडलेली नाही. मुसळ वर गेलं की खाली कुठं पडेल ते तिलाच ठाऊक नव्हतं. सगळ्या शिंकत होत्या, डोळे गळत होते. म्हणून आईला बोलावलं होतं. शिकवायला.

आणि आईनं शिकवलं. लांब उभं राहून. "तोंडाले पदर बांधा. मान बाजूले करा. मुसळ दाबू नका, आपल्या वजनानं पडू द्या. दम सोडतानी पाडा." कोकिळेला दोनदा समजावलं. कोकिळा माझ्याकडं एकदाही न पाहता "हाव मावशी, हाव मावशी" करत होती.

रस्त्यावर जीप वाजली तसा निवृत्तीभाऊ म्हणाला, "आता तुम्ही निंगा. मागून."

वाटेत आई म्हणाली, "रुखमाबाईचे हात दोन दिवस जळतील. ताक लावा म्हणून सांगाचं राहून गेलं."

मी चिडून म्हटलं, तुला काहीच कसं वाटत नाही?  ती बोरीखाली थांबली, चपलेतला काटा काढला आणि चालू लागली.

१४ ऑक्टोबर

आज दीक्षेचा दिवस, आईनं पांढरं लुगडं नेसलं. विहाराची जागा अजून नुसता चौथरा आहे. तिथं सगळे जमलो, वंदना झाली.

घरी आल्यावर मी किसनरावांना पत्र लिहायला बसले. सगळं लिहिलं. कोण कांडतं, त्या दिवशी कोण कांडत होतं, नथवाली कोण. दोन पानं. मग वाटलं — काम बंद होईल. चांगुणामावशीच्या घरी दुसरं कोणी कमावतं नाही. फाडलं.

आई दारात होती. "काय फाडलं?"

"काही नाही. अर्ज चुकला होता."

२६ ऑक्टोबर

कोकिळा आमच्या घरी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वस्तीतली पोरं मागं लागली होती, तिला भान नव्हतं. उंबऱ्यातूनच म्हणाली —

"झालं समाधान तुह्यं?"

किसनरावांना पत्र गेलं होतं. माहेर तिखट धाडच्या बौद्ध बाया कांडतात, असं. खाली चार नावं. तानाबाई म्हणजे माझी आई, चांगुणा आणि त्या दोघी. पुढं लिहिलं होतं, की ही नावं पुडीवर छापा. किसनरावांनी ते पत्र निवृत्तीभाऊच्या तोंडावर फेकलं म्हणे.

"मी नाही लिहिलं, कोकिळा."

"गावात तुह्याबिगर कोन लिव्हते तुमच्यात? नाव तुह्यंच, ओळ तुहीच, आन् मोडलंबी तूच. मी तुले कवाच काई कमी केलं का? तुह्या आईले मावशी म्हणलं मी."

मी शपथ घेतली. बाबासाहेबांची घेतली. ती हसली. तसं हसताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. तिचे ओठ सुकले होते, उन्हातून तरातरा चालत आलेली. आईनं तांब्या पुढं केला. कोकिळेनं घेतला आणि घटाघटा सगळा प्याली. रागात होती, नाहीतर प्याली नसती. रिकामा तांब्या हातात आल्यावर तिच्या लक्षात आलं. ठेवला आणि गेली.

मला कशाचं जास्त लागलंय? तिनं खोटा आळ घेतला याचं, की तो खोटा आहे याचं? लिहिलं असतं तर निदान ताठ उभी राहिले असते.

आणि लिहिलं कोणी? चांगुणामावशीच्या जावयानं? त्याला धड सही येत नाही.

३० ऑक्टोबर

मला वाटलं होतं किसनराव माल बंद करतील. नाही केला. निवृत्तीभाऊला म्हणाले, "पुडी तीच राहू द्या. फक्त हात बदला." मिरची आता बुलढाण्याला गिरणीत दळणार. लेबल तेच. ओळ तीच. सोवळ्यात कांडलेले, हेही तसंच — आता तर कांडणंच नाही!

चारही उखळं पडवीतून काढून बांधावर टाकलीत. चौघी घरी.

३ नोव्हेंबर

उद्या दिवाळी. बाजार फुललेला. गिरणीच्या तिखटाची पुडी एकानं फोडली होती, त्यातली चिमूट मी जिभेवर ठेवली. भुसा. गिरणीच्या गरमीनं वास उडून गेलेला, बी करपलेलं. मला वाटलं, आता लोकांना कळेल.

पुड्या दुपारपर्यंत संपल्या. मार्चमधली ती म्हातारीही होती. हुंगून म्हणाली, "अस्सल."

मला तिला हलवून सांगावंसं वाटलं, की अस्सल काय होतं. पण तिला फसवायला सुरुवात मीच केली होती.

११ नोव्हेंबर

आई आणि चांगुणामावशी कापूस वेचायला जातात, दोन कोस लांब. आईच्या हातांची आता आग होत नाही. बोंडांनी ओरखडे पडतात. बोलत नाही फारशी. मी कोकिळेला शिव्या देते तेव्हाही नाही.

१५ नोव्हेंबर

भाऊराव मामा आला होता. जेवताना सहज म्हणाला, "मग, त्या पत्राचं उत्तर आलं का, अक्का?"

किसनरावांना गेलेलं ते पत्र — मामा वंदनेला आला तेव्हा आईनं सांगितलं होतं, त्यानं लिहून घेतलं होतं. लेबल त्यानं तिला जूनमध्येच वाचून दाखवलं होतं. शब्द न् शब्द. म्हणजे तेव्हापासून ती सगळं जाणून डकवत होती. बांधानं जात होती. शिकवत होती.

मामा गेल्यावर मी आईजवळ बसले. म्हटलं, घरात मी आहे. मला का नाही सांगितलंस लिहायला?

ती सरकीतला कचरा काढत होती. मान वर केली नाही. म्हणाली, "तुले सांगतलं असतं तं तू त्यातबी बदलवलं असतं."